मेलेल्या माणसाची मुंज

माझा नवरा पंधरा वर्षांनी परत आला त्या दिवशी मी अंगणात सांडगे घालत होते. ज्येष्ठ लागला तरी पावसाचा पत्ता नव्हता आणि दुपारचं ऊन रणरणत होतं. पुढ्यातल्या ताटावर सावली पडली म्हणून मान वर केली, तर टोपी हातात धरून एक माणूस फाटकाच्या आत उभा. कानशिलावरचे केस पिकलेले, पोट सुटलेलं, पायांत कानडी मुलखातल्या वहाणा.

"ओळखलं नाहीस?" त्याने विचारलं.

ओळखलं होतं. पीठ बोटांवर वाळत होतं आणि मी तशीच बसून राहिले. तेवढ्यात आतून माझे धाकटे दीर, नरहरभाऊजी, बाहेर आले. त्यांनी भावाकडे पाहिलं, ओसरीच्या खांबाला हात टेकला, आणि त्यांचे डोळे भरून आले. आता धावत जाऊन गळ्यात पडतील असं मला वाटलं. एक पायरी उतरलेही. मग थबकले.

"दादा, पायरी चढू नकोस," ते म्हणाले. "तू मेलेला आहेस."

डोक्यावर परिणाम झाला म्हणून बोलत नव्हते ते. तीन वर्षांपूर्वी आम्ही त्याला जाळलं होतं.

आमचं गाव कृष्णाकाठचं, उसाचं. नरहरभाऊजी गावचे उपाध्ये. आजूबाजूच्या दहा गावांतली बारशी, लग्नं आणि दिवस त्यांच्या हातचे. माणूस सरळ, कुणाला उणं बोलणार नाही, पण पोथीतून बाहेर डोकं काढणार नाही. आमच्या घरात दात कधी घासायचे हेही पोथी सांगायची. प्रतिपदा, षष्ठी, नवमी आणि अमावास्या या दिवशी काडीने दात घासायचे नाहीत, नुसत्या बारा चुळा भरायच्या. पाल अंगावर पडली तर कुठल्या अवयवावर पडली ते आधी बघायचं आणि मग किंचाळायचं. गुरू आणि शिष्य यांच्या मधून बेडूक गेला तर त्या दिवसाचा अभ्यास बंद, मांजर गेलं तर तीन दिवस बंद. भाऊजी लहानपणी मांजर पाळत होते असं सासूबाई सांगायच्या, तेवढाच काय तो त्यांच्या हातून झालेला गुन्हा.

त्याच पोथीत लिहिलं होतं की परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहावी, मग त्याला मेलेला समजून त्याचं सगळं करावं. देह नसेल तर पळसाच्या पानांचा करावा. तीनशे साठ पानं, डोक्याच्या जागी नारळ, डोळ्यांच्या जागी कवड्या. पानं मी मोजली होती. माझ्याशिवाय घरात सातवी पास कुणी नव्हतं, म्हणून मोजायचं काम माझ्याकडे आलं. जळताना नारळ फट्‌कन फुटला तेव्हा भाऊजी ओक्साबोक्शी रडले. मला रडू येईना, तर ते बरं दिसत नाही म्हणून माझी जाऊ मथुरा हिने मला कोपराने ढोसलं.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. विधवेने वाचनात काळ घालवावा असं एक वचन भाऊजींनी माझ्यासाठी शोधून काढलं. कुठलं पुस्तक वाचावं ते त्या वचनात नव्हतं, तेव्हा मी भूगोल घेतला. मथुरेने नवऱ्याची पाठ धरली आणि मला जिल्ह्याच्या गावी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवायला लावलं. दोन वर्षं मी तिथल्या वसतिगृहात काढली. तो परत आला त्याच आठवड्यात माझ्या नेमणुकीचा कागद आला होता. पेठगावच्या मुलींच्या शाळेत येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता हजर व्हावे, न झाल्यास जागा यादीतील पुढील उमेदवारास देण्यात येईल. राहायला शाळेच्या मागे एक खोली. तो कागद मी इतक्यांदा वाचला होता की घडीवर फाटायला आला होता.

आणि आता हा उभा. त्र्यंबक. नवऱ्याचं नाव असं घ्यायची आमच्यात पद्धत नाही हे मला ठाऊक आहे. पण ज्या माणसाचं बारसं मी स्वतः पाहिलं त्याला नावाने म्हणायला काय हरकत आहे?

त्याला गोठ्यात उतरवलं. गोठा उंबऱ्याच्या बाहेर, म्हणून चालतो. मथुरेने ताट नेऊन लांब ठेवलं आणि तो मुकाट्याने जेवला. भाऊजी दिवसभर पोथ्या उलगडत बसले. त्यांचा जीव टांगणीला लागला होता. जिवंत भावाला आपण अग्नी दिला हे एक, आणि मेलेला माणूस घरात वावरतोय हे दुसरं. ज्या उपाध्यायाच्या घरी असं काही आहे त्याच्या हातून दर्भाची काडी तरी कोण घेणार? संध्याकाळी ते ओसरीवर आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. सापडलं होतं.

मेला असं समजून ज्याचं सगळं केलं तो परत आला, तर त्याने पुन्हा जन्म घ्यावा, असं पोथी म्हणत होती. तुपाच्या कुंडात गर्भासारखं बसवून त्याला बाहेर काढावं. मग पाळण्यापासून मुंजीपर्यंतचे सगळे संस्कार ओळीने करावेत. बारा दिवस ब्रह्मचर्य पाळावं. मग लग्न.

"लग्न कुणाशी?" मथुरेने विचारलं.

"पहिल्याच बायकोशी. वहिनींशी."

सगळे माझ्याकडे बघून हसले, अगदी प्रेमाने. मथुरेने तर माझा हात दाबला. पांढरं पातळ सुटणार, कपाळाला कुंकू लागणार, यापेक्षा बाईला काय हवं असतं? मीही हसल्यासारखं केलं. मनात म्हटलं, सोमवार.

शाळेचं मी बोलून पाहिलं. भाऊजींना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण एकदा कर्म सुरू झालं की घरातल्या कुणीही गावाची शीव ओलांडायची नाही असा दंडक होता. आणि त्यानंतर मी कुठे जायचं ते दादा ठरवणार, मला आता कसं ठरवू देणार? बारा दिवसांचं मात्र त्यांनी माझ्याकडे बघून तीनवर आणलं. त्याला मतांतर होतं. पोथीत प्रत्येक गोष्टीला मतांतर असतं, बायकांच्या गोष्टी सोडून. बुधवारी जन्म, शनिवारी लग्न, असं ठरलं.

आता प्रश्न आला की तोवर मी कोण. भाऊजींनी त्यावर सबंध मंगळवार घालवला. दादा परत आला म्हणजे मी विधवा नाही. पण दादा अजून जन्मलेला नाही, म्हणजे सवाशीणही नाही. विधवा म्हणावं तर मंगलकार्यात समोर यायचं नाही, आणि सवाशीण म्हणावं तर नवरा दाखवा. शिवाय बटूने ब्रह्मचर्यात बायकोचं तोंड पाहायचं नाही, पण बायको कुठे आहे अजून? शेवटी त्यांनी कंटाळून मला कोठीच्या खोलीत बसायला सांगितलं. फक्त शनिवारपर्यंत, वहिनी, असं दोनदा म्हणाले. दार लोटून घेतलं आणि वाकून बाहेरून कडी लावली, चुकून कुणी उघडू नये म्हणून.

कोठीत गुळाच्या ढेपी, शेंगांची पोती आणि उंदीर. एक हातभर खिडकी गोठ्याच्या बाजूला, गजांची. तिला नाक लावून मी बुधवारचा सगळा सोहळा पाहिला.

तुपाचं कुंड आणायचं कुठून? भाऊजींनी गुऱ्हाळातली काहील मागून आणली, गूळ करायची, चार माणसांनी उचलायची. पोथीप्रमाणे ती तुपाने भरायला हवी होती. मथुरेने दीड तांब्या तूप काढून दिलं आणि वर्षाचं तूप या जन्मात मिळणार नाही, बाकी कोमट पाणी घाला, असं सांगितलं. काहील घासली होती, तरी कडेच्या खाचांत गूळ राहिलाच होता. एकोणचाळीस वर्षांचा माझा नवरा लंगोटी लावून त्यात उतरला, गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि मुठी मिटल्या, कारण गर्भाच्या मुठी मिटलेल्या असतात. दहा मिनिटांत गावातल्या सगळ्या मुंग्यांना आणि माशांना बातमी लागली. भाऊजी मंत्र म्हणत होते आणि गर्भ मिटल्या मुठीने पाठ खाजवत होता.

त्याला बाहेर काढून पुसला, मध चाटवला. मग बारसं. पाळणा कुठे पुरणार, म्हणून झोपाळ्यावर निजवला. कानात नाव सांगायचं काम मथुरेचं, पण थोरल्या दिराचं नाव ती घेणार कशी? ती पदर तोंडात कोंबून हसत सुटली. शेवटी शेजारचे आप्पा मराठे बोलावले. ते पोस्टातून निवृत्त झालेले, सगळ्या कार्यांना हौसेने हजर राहणारे. त्यांनी वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं, ते पलीकडच्या गल्लीपर्यंत ऐकू गेलं, कारण आप्पांना स्वतःला कमी ऐकू येत असे. खिडकीशी मीही हसले. पंधरा वर्षांत नवऱ्यामुळे मला आलेलं ते पहिलं हसू. मग हसता हसता लक्षात आलं की दाराला कडी आहे.

त्याच दिवशी दुपारी मुंज लागली. डोकं तासलं, मौंजी बांधली, हातात पळसाचा दंड दिला. या बटूचं पोट मौंजीवरून खाली लोंबत होतं. त्याने झोळी पुढे करून मथुरेकडे भिक्षा मागितली आणि तिने मूठभर तांदूळ घातले. त्यानंतर तो गोठ्यातच राहिला. दोन्ही वेळा संध्या करायची, चटईवर निजायचं, बायकांशी बोलायचं नाही.

माझ्या खिडकीपासून त्याची चटई चार हातांवर होती. दोन दिवस आम्ही एकमेकांना ऐकत होतो, तो खोकायचा ते मी आणि मी पोतं सरकवायची ते तो. मी बोलले नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा राग येत नव्हता. राग यायला माणूस ठाऊक असावा लागतो. पंधराव्या वर्षी लग्न आणि सतराव्या वर्षी हा गेला, मधल्या दोन वर्षांत आमचं दहा वाक्यं बोलणं झालं असेल आणि त्यातली निम्मी मिठाबद्दल.

शुक्रवारी दुपारी भाऊजी नदीवर गेलेले, मथुरा लग्नाचे लाडू वळत होती. खिडकीच्या गजावर दंड वाजला.

"झोपलीस का?"

"तुम्हाला बोलायचं नाहीये ना?"

"मतांतर असेल," तो म्हणाला. मला हसू आलं आणि त्यालाही. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

मग त्याने सांगितलं. तो हुबळीला होता. आधी एका दुकानात, मग दहा वर्षांपूर्वी स्टेशनच्या मागे त्याने खानावळ काढली. रेल्वेतली माणसं जेवायला येतात, सकाळी पंचवीस पानं, रात्री वीस. नाव चांगलं आहे. मी विचारलं, स्वयंपाक कोण करतं?

"एक बाई होती. माघात गेली. तापाने."

"स्वयंपाकाला होती?"

"हो."

"स्वयंपाकालाच?"

गोठ्यात म्हैस रवंथ करत होती तेवढाच आवाज. मग म्हणाला की त्यानंतर दोन आचारी ठेवून पाहिले, पण टिकत नाहीत, हाताला चव नाही, गिऱ्हाईक तुटायला लागलं. एकट्याला उरकत नाही. आता शनिवारी लग्न झालं की रविवारच्या गाडीने निघायचं, त्याने तिकिटांचं पाहून ठेवलं होतं. तुझी आमटी मला अजून आठवते, असंही म्हणाला. मनापासून म्हणाला. माझी आमटी चांगली म्हणणारा तो पहिलाच माणूस. आणि मी सुपातलं धान्य निवडत बसल्यासारखं त्याचं एकेक वाक्य निवडत होते, त्यात मी कुठे आहे का ते बघत होते. हात होते माझे. चवही होती.

मी त्याला नेमणुकीच्या कागदाबद्दल सांगितलं. पेठगाव, सोमवार, अकरा.

"शाळेत काय आहे?" तो समजुतीने म्हणाला. "पोरींना अक्षरं गिरवायला लावणार. तिथे पंचेचाळीस माणसं तुझं नाव घेऊन जेवतील."

"तुम्ही का गेला होता?" मी विचारलं. पंधरा वर्षं गावात सगळ्यांनी मला हे विचारलं होतं, जसं काही मीच गेले होते.

"खरं सांगू? तुझ्यामुळे नाही. त्या दिवशी सकाळी मी कडुलिंबाची काडी तोडली तर अण्णा ओरडले, आज षष्ठी आहे. मी काडी टाकली. चुळा भरायला नदीवर गेलो. एक, दोन, तीन. सातव्या चुळीला वाटलं, आपण मरेपर्यंत हेच मोजत बसणार. पलीकडे जाणारी नाव लागली होती. बसलो."

अण्णा म्हणजे आमचे सासरे. मला ती सकाळ आठवत होती. तो जेवायला येईना म्हणून मी दुपारी तीनपर्यंत उपाशी बसले होते.

"मलाही षष्ठीच होती त्या दिवशी," मी म्हटलं.

त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. नदीकडून भाऊजींच्या खडावांचा आवाज आला आणि तो चटईवर जाऊन बसला. मी मात्र तशीच गजांना धरून उभी होते. मला तोवर वाटत होतं की या कोठीतून शनिवारी बाहेर पडायचंय. त्या दुपारी कळलं की ही कोठी फार तर मोठी होणार आहे, हुबळीपर्यंत. मथुरेने खिडकीतून दिलेला लाडू मी तसाच उंदरांना ठेवला.

शनिवारी सकाळी मला काढलं. मथुरेने न्हाऊ घातलं आणि हिरवं लुगडं पुढे ठेवलं. मी म्हटलं, लग्न लागायच्या आधी कसं नेसू, अजून मी कोण ते ठरलेलं नाही. तिला ते पटलं आणि मी पांढऱ्यातच ओसरीच्या कडेला उभी राहिले. अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली होती. मेलेल्या माणसाचं लग्न बघायला कोण येणार नाही?

लग्नाआधी सोडमुंज. आमच्यातली सोडमुंज ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ब्रह्मचर्य संपलं की बटूला नवं धोतर नेसवतात, पायांत वहाणा, डोळ्यांत काजळ, हातात काठी आणि छत्री देतात, आणि तो सगळ्यांवर रुसल्यासारखा, मी काशीला शिकायला जातो, म्हणत चालू लागतो. मग मामा धावत जाऊन त्याला अडवतो. काशीला जाऊ नकोस, मी माझी मुलगी देतो, म्हणतो. बटू परत फिरतो, सगळे हसतात, पानसुपारी होते. आठ वर्षांचं पोर ते छान करतं.

इथे मामा केव्हाच वारलेला. म्हणून मामा झाले आप्पा मराठे.

त्र्यंबक काठी-छत्री घेऊन निघाला. काजळ जरा जास्तच झालं होतं. अंगण ओलांडून तो फाटकापर्यंत गेला. खरोखर सोडून गेलेला माणूस खोटं खोटं सोडून चालला होता, आणि बघणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आप्पांनी मागून जाऊन त्याचं कोपर धरलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "काशीला जाऊ नका. आम्ही तुम्हाला मुलगी देतो." आणि मग हौशी माणूस तो, माझ्याकडे वळून त्याने आपल्या पदरचं एक वाक्य घातलं. "काय गं द्वारके, देऊ ना?"

सगळे हसले. कुणाला उत्तर नको होतं. पण माझ्या बत्तीस वर्षांत माझ्याबद्दल काही ठरवताना कुणी प्रश्नचिन्ह लावल्याचं ते पहिलंच.

"नको," मी म्हटलं.

आप्पांना ऐकू गेलं नाही. ते हसतच होते. बाकीच्यांचं हसणं मात्र बंद पडलं. भाऊजी हातातल्या अक्षता तशाच धरून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, हा नुसता विधी आहे."

"पळसाची पानं जाळली तो विधीच होता, भाऊजी. त्या दिवशी मी बांगड्या खऱ्या फोडल्या."

मी मथुरेचा दंड धरला. वाटलं होतं ती झिडकारेल. तिने तिचा दुसरा हात माझ्या हातावर ठेवला.

"मला पंधराव्या वर्षी कुणी विचारलं नव्हतं," मी म्हटलं. "पुन्हा लग्न करायचं म्हणता, तर पुन्हा विचारायलाही हवं. आप्पांनी विचारलं. मी सांगितलं."

भाऊजींनी पोथीकडे पाहिलं. मग भावाकडे. त्यांच्या तोंडावर मला जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. राग नव्हता त्यात. सबंध आयुष्य ज्या माणसाने कधी खोटी तिथी सांगितली नाही, तो आता खोटं बोलायला शब्द शोधत होता आणि त्याला ते जमत नव्हतं.

"कन्या नाही म्हणाली तर विवाह होत नाही," शेवटी ते म्हणाले. "पूर्वीची स्त्री नसेल तर अन्य स्त्री, असं पुढे आहे."

त्र्यंबक फाटकात उभा होता. आप्पांना एव्हाना कुणीतरी कानात ओरडून सांगितलं होतं आणि त्यांनी त्याचं कोपर सोडलं होतं.

"द्वारके," तो म्हणाला. माझं नाव त्याच्या तोंडी मी प्रथमच ऐकलं. "मी वाईट वागवणार नाही तुला."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मला सोमवारी हजर व्हायचंय."

तो जरा वेळ काठीने माती उकरत राहिला. मग भावाला म्हणाला, "नरहर, मुलगी नाही मिळाली तर बटू काय करतो?"

भाऊजींनी हातातल्या अक्षता खाली ठेवल्या. "काशीला जातो," ते म्हणाले.

त्र्यंबक हसला. थोडं रागाने, थोडं सुटल्यासारखं. त्याने छत्री उघडली आणि फाटकाबाहेर पडला. मथुरा आत धावली, पंच्यात लाडू बांधून घेतले आणि त्याच्या मागे वळणापर्यंत पळत गेली. दिराशी बोलायचं नाही वगैरे ती विसरली असावी. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तासलेल्या डोक्याचा तो माणूस काळ्या छत्रीखाली स्टँडकडे चालला होता आणि त्याच्या घरी त्याच्यासाठी आमटी करून ठेवणारं कुणी नव्हतं. मी कोठीत गेले, आतून दार लावलं आणि पोटभर रडले. नारळ फुटला तेव्हा आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं.

लोक पानसुपारी न घेताच गेले. गावाने आम्हाला वाळीत वगैरे टाकलं नाही. भाऊजींनी त्याला नव्याने जन्म दिला होता, तेव्हा मेलेला माणूस घरात नव्हताच. माझ्यावर मात्र बरंच तोंडसुख घेतलं गेलं, ते पुढे पाच-सहा वर्षं पुरलं.

भाऊजी शनिवारी जेवले नाहीत. रविवारी पहाटे संध्या आटोपून ते ओसरीवर सगळ्या पोथ्या पसरून बसले. मी दोनदा तिकडून गेले, त्यांनी मान वर केली नाही. दुपारी दीडची एसटी होती. मला विचारायची भीती वाटत होती. विचारलं आणि त्यांना काही सापडलं तर? केस काढा, शीव ओलांडू नका, एकभुक्त राहा, काहीही असू शकत होतं. त्या पोथीत बेडकासाठी नियम होता, तर माझ्यासाठी नसेल?

अकराच्या सुमाराला त्यांनी मला हाक मारली. मी दाराशी जाऊन उभी राहिले. डोळे तांबारलेले, बोटांना जुन्या कागदाची धूळ.

"सगळं पाहिलं," ते म्हणाले. "नवरा मेलेल्या बाईचं आहे. नवरा परागंदा झालेल्या बाईचं आहे. नवऱ्याने टाकलेल्या बाईचं आहे. मरून पुन्हा जन्मलेल्या माणसाशी जिने लग्न केलं नाही, तिने कसं राहावं, हे कुठेच नाही."

"मतांतर?"

"नाही. एकही ओळ नाही."

"मग आता मी काय करायचं?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला ठाऊक नाही, वहिनी," ते म्हणाले.

मी त्यांना वाकून नमस्कार केला आणि ट्रंक भरायला घेतली.